आधी श्रोते, मग छापखाना



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांचं आयुष्य ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव करण्यात गेलं. तेव्हा आजचा विषय मी जरा हिशेबी अंगानं मांडला, तर त्यांना ते गैर वाटलं नसतं. विषय आहे नव्या लेखकाच्या पुस्तकाची प्रसिद्धी. प्रसिद्धी म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारचे लेखक भेटतात. एक म्हणतात, चांगलं पुस्तक आपल्या पायांनी चालत जातं, त्याला जाहिरात कशाला? दुसरे सकाळी डोळे उघडल्यापासून आपलं मुखपृष्ठ दिसेल त्या व्हॉट्सॲप गटावर टाकत सुटतात. पहिल्यांच्या पुस्तकाचा कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकाचा सगळ्यांना लागतो आणि तरीही ते कुणी विकत घेत नाही.

दोघांनाही एक गोष्ट मात्र हवी असते, ती म्हणजे प्रकाशन समारंभ. तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चकचकीत कागदात गुंडाळून फीत बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा तबकात येतो. प्रमुख पाहुणे फीत ओढतात, ती हमखास अडकते, मग कात्री शोधली जाते. पाच-सहा मान्यवर एकेक प्रत छातीशी धरून उभे राहतात आणि फोटोग्राफर म्हणतो, "सर, पुस्तक थोडं वर." भाषणं होतात. पाहुणे प्रांजळपणे सांगतात की पुस्तक कालच हातात पडलं, त्यामुळे चाळता आलं. तासाभरानं चहा, आणि दाराशी टेबल : आज 25 टक्के सवलत. टेबलाशी थांबतात ते लेखकाचे मावसभाऊ, ऑफिसातले सहकारी आणि लेखकाच्या बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणी. त्यांतल्या निम्म्यांना लेखक स्वतःच म्हणतो, "अहो, तुम्ही कसले पैसे देता!"

या समारंभाची मी टिंगल करत नाही. घरात पहिलं पुस्तक आलं की आनंद व्हायचाच, आणि तो चारचौघांत साजरा केला तर बिघडलं काय? पण त्याला पुस्तकाची प्रसिद्धी म्हणू नका. का, ते आकड्यांत पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्यक्षात पानं, कागद आणि बाइंडिंगप्रमाणे ते बदलतील.

समजा, लेखकानं स्वतःच्या खर्चानं 500 प्रती छापल्या. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी मिळून 60,000 रुपये गेले. किंमत ठेवली 300 रुपये. वितरक आणि दुकानदार यांचं कमिशन 45 टक्के धरू. म्हणजे एका प्रतीमागे लेखकाच्या हाती येतात 165 रुपये. नुसती छपाई वसूल व्हायला 364 प्रती खपायला हव्यात. आता समारंभ. सभागृह, पत्रिका, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी, अल्पोपाहार असे 25,000 रुपये धरा. ते भरून निघायला आणखी 152 प्रती. बेरीज झाली 516. छापल्यात 500! एकही भेटप्रत न देता, अगदी शेवटची प्रत विकली गेली, तरी लेखक तोट्यात. पलंगाखालचे गठ्ठे आपण पाहतो, त्यांच्यामागे हा हिशेब असतो, आणि तो करायला कुणी बसत नाही, कारण लेखनाचा हिशेब मांडणं आपल्याला हलकेपणाचं वाटतं.

तर मग काय करावं? माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या लेखकानं आधी ऐकणारे मिळवावेत आणि मग छापखान्याची पायरी चढावी. पुस्तकाची खरी जाहिरात त्याचा मजकूर करतो. चार पानं कानावर पडली की माणूस पाचव्या पानासाठी खिशात हात घालतो किंवा घालत नाही. जे काही व्हायचं ते तिथेच होतं.

ही युक्ती माझी नाही. महात्मा फुले यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. दुकानात पुस्तक ठेवून उपयोग शून्य. तेव्हा जोतीरावांनी हस्तलिखितच घेऊन गावं गाठली. पुणे, मुंबई, ठाणे तर झालंच, पण जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीही त्यांनी असुडाचे भाग लोकांना वाचून दाखवले. बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु'नं सुरुवातीचे भाग छापले आणि पुढे हात आखडता घेतला. जोतीरावांना त्याचा राग आला. संपूर्ण असूड त्यांच्या हयातीत छापून निघाला नाही. तरीही तो ओतुरात ठाऊक होता. छापण्याआधीच ज्याला श्रोता मिळाला, असं पुस्तक मराठीत याहून मोठं मला तरी आठवत नाही.

त्याच सुमाराला पुण्यात ग्रंथकारांची जमवाजमव चालली होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं 1878 च्या मे महिन्यात हिराबागेत पहिली ग्रंथकार सभा भरली. पुढे 1885 साली दुसऱ्या सभेचं बोलावणं आलं, तेव्हा जोतीरावांनी पत्र पाठवून यायला नकार दिला. त्या पत्राचा सामाजिक अर्थ मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण प्रसिद्धीच्या अंगानंही ते पाहता येतं. ग्रंथकारांनी ग्रंथकारांना भेटून वाचक वाढत नाहीत. जोतीरावांचा वाचक शेतात होता आणि ते तिकडे जाऊन आले होते. आज एखादा कवी दुसऱ्या कवीच्या समारंभाला जातो, त्याची परतफेड म्हणून तो याच्या समारंभाला येतो, आणि चाळीस माणसं वर्षभर एकमेकांचे संग्रह प्रकाशित करत राहतात. दीडशे वर्षं होत आली, तरी दुखणं तेच.

छापील जगातही आधी वाचक गोळा करण्याची रीत होती. 1885 मध्ये 'पुणे वैभव' पत्रात एक कादंबरी क्रमशः येऊ लागली, 'मधली स्थिती'. लेखकाचं वय होतं एकवीस. पुढे त्यानं 1890 मध्ये स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिकच काढलं आणि कादंबऱ्या त्यातून हप्त्याहप्त्यानं लोकांच्या घरी पोचवल्या. हे हरि नारायण आपटे. हरिभाऊंचं पुस्तक बांधून निघेपर्यंत त्याची नायिका घरोघरची झालेली असे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'ही आधी 'संजीवनी'च्या अंकांतून लोकांनी वाचली, पुस्तक मागाहून झालं.

आणि तळेगावकर हो, या प्रकारातला एक पक्का माणूस तर तुमच्या गावचा. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर. समर्थ विद्यालयामुळे तुम्हाला ते माहीत आहेत. ती राष्ट्रीय शाळा 1910 मध्ये सरकारनं बंद पाडली, आणि तुरुंगातून सुटून आल्यावर विजापूरकरांनी पुन्हा इथंच नवीन समर्थ विद्यालय उभं केलं. ते तुरुंगात गेले ते 'विश्ववृत्त' मासिकात सातवळेकरांचा लेख छापल्याबद्दल. पण त्याच्याही आधी कोल्हापुरात असताना, 1894 पासून, त्यांनी 'ग्रंथमाला' नावाचं मासिक चालवलं होतं. अंकांतून अख्खी पुस्तकं भागाभागानं छापायची, असा बेत. वर्गणीदार आधी, ग्रंथ नंतर. एकटा ग्रंथ बाजारात उतरवला असता तर त्याला कुणी विचारलं नसतं. मालेत ओवला म्हणून तो वर्गणीदाराच्या दारात पोचत होता. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गोळा केलेल्या इतिहासाच्या साधनांतलाही काही भाग याच मालेतून बाहेर आला. इतिहासाची जुनी कागदपत्रं कोण विकत घेणार, या प्रश्नाला विजापूरकरांचं उत्तर साधं होतं : ज्यानं वर्षाची वर्गणी भरली आहे, तो.

याच तळेगावात 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, लोकमान्यांचा पाठिंबा, आणि माणशी वर्षाला एक पैसा. पैशानं भांडवल किती उभं राहिलं, हा एक भाग झाला. पण पैसा टाकणारा प्रत्येक जण कारखाना आपला समजत होता, कंदिलाच्या काचेवर तळेगावचं नाव शोधत होता. ग्रंथप्रसिद्धीला शिकायचं असेल तर याहून जवळचा धडा मावळात दुसरा नाही. नव्या कथासंग्रहासाठी शंभर जणांनी आगाऊ दोन-दोनशे रुपये दिले, तर 20,000 रुपये जमतात. मघाच्या हिशेबात छपाईचा तिसरा हिस्सा झाला. आणि हे शंभर जण पुस्तक कधी येतंय म्हणून लेखकाला रस्त्यात अडवून विचारतील. एवढी प्रसिद्धी वर्तमानपत्राच्या 'साभार पोच' सदरातल्या एका ओळीनं होत नाही.

आता गोनीदांकडे येतो. तळेगावात व्याख्यान देऊन गोपाळ नीलकंठ दांडेकरांचं नाव न घेणारा वक्ता परत लोकलमध्ये चढू शकायचा नाही. मावळ त्यांनी पायांखाली घातला आणि मग कागदावर आणला. 'पवनाकाठचा धोंडी' पवन मावळात घडते, 'माचीवरला बुधा' राजमाचीवर. पण आज मला गोनीदांच्या लेखनाइतकंच त्यांच्या घरच्यांनी केलेल्या एका कामाबद्दल बोलायचं आहे. त्यांच्या कन्या, दिवंगत वीणा देव, आणि जावई विजय देव यांनी गोनीदांच्या हयातीतच त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन सुरू केलं. पुढे नात मृणाल कुलकर्णी आणि रुचिर कुलकर्णी त्यात आले. शेकडो प्रयोग झाले.

हे अभिवाचन म्हणजे काय, ते ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, पार्श्वसंगीताचा भडिमार नाही. समोर ध्वनिक्षेपक आणि हातात संहिता. ती संहिता मात्र मेहनतीची. अख्खी कादंबरी वाचायला दिवस लागेल, म्हणून दोन-अडीच तासांत बसेल असा संक्षेप करायचा. वर्णन कुठं ठेवायचं, कुठं गाळायचं, 'शितू'तली कोकणी बोली शहरी श्रोत्याच्या कानाला कितपत झेपेल, 'जैत रे जैत'मधला ठाकरवाडीचा ठेका आवाजात कसा आणायचा, हे सगळं आधी पेन्सिलीनं ठरवलेलं असतं. मग सभागृहातला माणूस डोळे मिटून ऐकतो. ज्यानं वीस वर्षांत कादंबरी हातात धरलेली नाही असाही माणूस ऐकतो. मध्यंतरात तो पुस्तकांच्या टेबलाशी येतो आणि विचारतो, "ही आत्ताची कुठली?" त्याच्या त्या प्रश्नाला मी प्रसिद्धी म्हणतो.

कुणी म्हणेल, गोनीदा तेव्हा काही नवे नव्हते. खरं आहे. पण हीच वाट नव्यांनीही चालून पाहिलेली आहे. साठच्या दशकात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला गावोगाव जाऊ लागले. नंतर व. पु. काळे यांनी ते एकट्यानं, रात्रीमागून रात्र केलं. त्यांच्या कथांच्या आवृत्त्या निघत राहिल्या त्यामागे हे दौरे आहेत. समीक्षकांना हे फारसं रुचलं नाही. त्यांच्या मते टाळीसाठी लिहिलेली कथा कागदावर पातळ पडते. त्यात तथ्य आहे, पण सगळंच नाही. मिरासदारांची कथा वाचतानाही हसवते, आणि शंकर पाटलांची कथा हसवता हसवता घशाशी येते.

दुसऱ्यानं शब्द टाकण्याचाही एक भाग आहे. बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या. त्यांच्या ओव्या चिरंजीव सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. सोपानदेव ती वही घेऊन आचार्य अत्र्यांकडे गेले. अत्रे ऐकून उडालेच, आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला. इथंही क्रम पाहा : आधी ऐकणं, मग प्रस्तावना, मग पुस्तक. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तीही ज्या वस्तीतून ती कविता आली ती वस्ती ढसाळांबरोबर हिंडून पाहिल्यानंतर. त्या प्रस्तावनेचं वजन तेंडुलकरांच्या नावाइतकंच त्या हिंडण्यामुळे आहे. आता प्रस्तावना मागायला येणारे तरुण हस्तलिखिताऐवजी मुखपृष्ठाचा फोटो पाठवतात आणि "सर, दोन पानं पुरेत" म्हणतात. सरही देतात. अशी प्रस्तावना वाचकाला लगेच ओळखू येते, कारण ती कुठल्याही पुस्तकाला चालते.

उलट्या वाटेनं झालेल्या प्रसिद्धीचं उदाहरण फारच मजेदार आहे. 1933 मध्ये ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलं, लेखिका विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, ते कुणाला माहीत नाही. शिकलेल्या अविवाहित स्त्रियांच्या मनातलं इतकं उघडं कुणी लिहिलंच कसं, म्हणून गहजब झाला. लेखिकेचा फोटो नाही, सत्कार नाही, मुलाखत नाही. मोट्यांनी गुपित राखलं. लोक लेखिका शोधत होते आणि शोधायला म्हणून पुस्तक वाचत होते. पुढे कळलं की या बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर. आज ज्या नव्या लेखकाला वाटतं की आधी चेहरा ओळखीचा व्हायला हवा, त्यानं या पुस्तकाची हकीगत जरूर पाहावी.

संस्था म्हणून हे काम कुणी मोठ्या प्रमाणावर केलं असेल, तर ते 'ग्रंथाली'नं. डिसेंबर 1974 मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ती सुरू केली आणि तिला नाव दिलं वाचक चळवळ. सभासद आधी नोंदवायचे, त्यांना पुस्तक कमी किमतीत द्यायचं, आणि पुस्तकं गाडीत भरून जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायची. 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, 1980 मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा', 1994 मध्ये किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर'. माने आणि काळे यांचं तर नावही वाचकानं ऐकलेलं नव्हतं. यांतलं एकही पुस्तक रूढ अर्थानं बाजारचं नव्हतं. पण सभासदांच्या रूपानं बाजार आधीच तयार होता, आणि पुस्तकांच्या अंगात ताकद होती. यांतलं एक नसतं तर दुसरं फुकट गेलं असतं.

वर्तमानपत्रातलं परीक्षण, 'ललित'सारखं ग्रंथांना वाहिलेलं मासिक, संमेलनातले गाळे, कविकट्टा, फेसबुक, रील, यांबद्दल मी थोडक्यात सांगतो. हे सगळं करावं, पण त्यातून मजकूर पोचावा. रीलमध्ये लेखक हात हलवत "माझं पुस्तक जरूर वाचा" सांगतो, त्याऐवजी त्यानं त्या मिनिटात एक परिच्छेद नीट वाचावा. बोलक्या पुस्तकांची ॲपं आल्यापासून ऐकणारा वर्ग वाढतोच आहे, आणि मोटार चालवताना कादंबरी ऐकणारा चाकण एमआयडीसीतला इंजिनिअर मला भेटलेला आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. जरूर घ्या. त्यानं छपाईचा भार उतरतो. वाचक शोधण्याचा उतरत नाही.

एक आक्षेप राहतो आणि तो वजनदार आहे. सगळंच लेखन मोठ्यानं वाचण्याजोगं नसतं, आणि सगळे लेखक लोकांत मिसळणारे नसतात. अरुण कोलटकरांनी वर्षानुवर्षं कविता फडताळात ठेवल्या, प्रसिद्धीकडे पाठ फिरवली, आणि त्यांचे बहुतेक संग्रह अगदी अखेरीस अशोक शहाण्यांच्या 'प्रास'कडून आले. अशा माणसाला "चल, मंडळात वाचून दाखव" म्हणणं हा छळ आहे. त्याच्यासाठी एखादा शहाणे लागतो. पण मित्रहो, कोलटकर होण्याआधीच कोलटकरांसारखं अबोल राहणारेही मी पाहिले आहेत. त्यांचा नाइलाज असतो की आळस, ते त्यांचं त्यांना माहीत. आणि लेखक अबोल असेल तर दुसरा कुणी वाचू शकतो. दुसऱ्याचे शब्द जपण्याची रीत इथं जुनीच आहे : तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे तुमच्याच तालुक्यातल्या सुदुंबऱ्याचे.

आता प्रत्यक्ष सल्ला. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली आलेली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं 11-12 हजार आहेत. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, आजूबाजूची गावं धरली तर मावळच्या वाट्यालाही त्यांतली थोडीफार येतात. ती वर्षाकाठी पुस्तकं घेतात ती बहुधा यादीवरून आणि कमिशन पाहून. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ न छापलेल्या पुस्तकाला द्यावी. लेखकानं हस्तलिखितातली वीस पानं आणावीत, आधी घरी घड्याळ लावून वाचून पाहावीत, पाऊण तासात संपवावीत. हार नको, परिचय दोन वाक्यांचा. नंतर अर्धा तास श्रोत्यांनी बोलावं, आणि "छान आहे" म्हणायला बंदी असावी. शेवटी एक वही फिरवावी. ज्याला पुढचं वाचायचं आहे त्यानं त्यात नाव लिहावं आणि आगाऊ दोनशे रुपये द्यावेत. तळेगावची वही मग वडगावला जाईल, वडगावची कामशेतला. थेट लेखकाकडून प्रत गेली की कमिशन वाचतं. 300 च्या पुस्तकावर 60 रुपये सूट दिली तरी हाती 240 राहतात, आणि मघाचे 60,000 वसूल व्हायला 364 ऐवजी 250 प्रती पुरतात.

एखाद्या वहीत चारच नावं पडतील. असंही होईल, आणि बरेचदा होईल. तेव्हा लेखकानं वही घरी न्यावी, त्या चौघांना फोन करून विचारावं की नेमकं काय आवडलं, आणि बाकीचे कुठल्या पानाला चुळबुळ करू लागले ते आठवून तिथपासून पुन्हा लिहायला बसावं. साठ हजार रुपये तोवर बँकेत सुखरूप असतात.